पंचांची पेटी आणि भासऱ्यांचा खोकला

आमच्या भासऱ्यांइतका बोलका माणूस साऱ्या साकोली तालुक्यात नसेल, पण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ते माझ्याशी एक शब्दही बोललेले नाहीत. यात भांडण काही नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्याने समोरासमोर बोलायचं नाही, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. तो आधी खोकतो, मग ती डोक्यावर पदर घेऊन बाजूला होते. आता गावात कोणी एवढं पाळत नाही. भासऱ्यांनी मात्र ही रीत भिंतीवरच्या घड्याळासारखी रोज चावी देऊन चालू ठेवली आहे. ते वळणावरूनच खोकायला लागतात. आधी खोकला येतो, मग चपलांचा आवाज, मग ते. आमच्या दोन घरांचं अंगण एकच आहे, त्यामुळे मला काही सांगायचं असलं की ते अंगणातल्या बकरीला सांगतात. "पानी येऊन राहिलं वाटते, वाळवण उचलाले पायजे," असं बकरीला म्हणून उभे राहतात, आणि मी वाळवण उचललं की शाबासकी बकरीला देतात.

बाकी त्यांचं सगळं बोलणं घड्याळांशी. सानगडीच्या बाजारात बांगड्यावाल्याच्या शेजारी काच लावलेली पेटी मांडून ते घड्याळं दुरुस्त करतात. घरी असले तरी भिंग डोळ्यावरून उतरत नाही. एकदा ते भिंग लावूनच जेवायला बसले आणि भातात काय काय दिसलं कोण जाणे, अर्ध्या ताटावरून उठले. कोणाचं घड्याळ बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, पडून भिजलं होतं, ते सुकावं म्हणून त्यांनी तांदळाच्या कोठीत पुरून ठेवलं आणि विसरले. ते जाऊबाईंच्या पायलीत निघालं. जाऊबाई म्हणाल्या, "आता पोह्यात काटे सापडले की मंग मी माहेरी जातो." भासरे म्हणाले, काटे सापडले तर जपून ठेव, हल्ली मिळत नाहीत.

माझ्याजवळ माझ्या वडिलांचं चावीचं मनगटी घड्याळ होतं. त्यांच्या मागे तेवढंच माझ्याकडे आलं. ते बंद पडलं तेव्हा मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते दोन-तीन दुकानांत दाखवलं. सगळ्यांनी सांगितलं, आतली मशीन फेका आणि सेलवाली टाका. हे भासऱ्यांच्या कानावर गेलं. त्यांनी बकरीला समोर घेऊन ठणकावलं, "बापाच्या घड्याळीत दुसऱ्याचं काळीज टाकत नसतेत." मग माझ्या मालकांकडून घड्याळ मागून घेतलं आणि उघडून पाहिलं. आत जे चाक सारखं डुलत राहतं, त्याचा केसासारखा बारीक आस मोडला होता. तसला आस आता कुठे मिळत नाही. भासऱ्यांच्या डबीत जुन्या मोडीतून काढलेला एकच निघाला. पण तो चाकात बसवायला स्टेकिंग सेट लागतो, आणि तो त्यांच्याकडे कधीच नव्हता. लाकडी पेटीत लोखंडाचा लहानसा स्टँड, त्याखाली भोकाभोकांची चकती, आणि भोवती ओळीने उभे पोलादाचे बारीक पंच. चकतीवर आस उभा करायचा, वरून बरोबर तोंडाचा पंच धरायचा आणि हातोडीने हळूच ठोकायचं. पंचाचं तोंड जरा जरी फुटकं असलं तर आस चिरतो. आणि आस तर एकच होता.

भंडाऱ्याला एक म्हातारे घड्याळजी दुकान बंद करत होते. त्यांचा जुना सेट विकायचा आहे असं कळलं. भासऱ्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. जाऊबाईंच्या गुडघ्यांना एस.टी. चढवत नव्हती. "याईच्या डोयाचा भरोसा नाही," त्या मला म्हणाल्या, "पंच म्हणून खिळे घेऊन येतीन. तू जाय संग. तांदळातला खडा तुलेच दिसते."

अशी आमची जोडी निघाली. गाडीत ते पुढच्या बाकावर, मी मागच्या. साकोली गेल्यावर त्यांनी कंडक्टरला सांगितलं, त्या बाईला म्हणा, ऊन लागत असेल तर इकडच्या खिडकीत बसा. कंडक्टर म्हणाला, "काका, हातभर तं दूर आहेत. तुमीच सांगा ना." भासरे म्हणाले, "आमच्यात बोलत नसतेत." कंडक्टरला वाटलं आमचा कोर्टात खटला चालू आहे. भंडाऱ्यापर्यंत तो बिचारा आमच्यामधून जपून ये-जा करत होता.

दुकानात एकाचे डोळे अधू आणि दुसऱ्याचे हात थरथरणारे. घड्याळजी एकेक पंच काढून देत, भासरे भिंगाखाली धरत आणि "उत्तम" म्हणून ठेवत. मी दाराशी उभी होते. एका पोकळ पंचाच्या तोंडाची कड मला फुटक्या बांगडीसारखी दिसली. भासरे त्यालाही "उत्तम" म्हणाले. बोलायचं कसं? तिथे बकरीही नव्हती. तोंडावर पदर धरून मी खोकले.

घड्याळजींनी मला पाणी दिलं. भासरे थांबले. त्यांनी दुसरा पंच वर धरला, मी गप्प. तिसरा धरला, गप्प. मग तो पहिला पुन्हा धरला. मी पुन्हा खोकले.

"बाईले दवाखान्यात दाखवा," घड्याळजी म्हणाले.

"हा खोकला पान्याचा नोहे," भासरे म्हणाले. "हा पंच फुटला आहे."

घड्याळजींनी पंच नखावर फिरवून पाहिला आणि मान खाली घातली. मग खणातून त्याच मापाचा दुसरा पंच शोधून काढला. तो भासऱ्यांनी उजेडात धरला आणि दोघेही म्हातारे माझ्याकडे न पाहता माझी वाट पाहत राहिले. इतक्या मोलाचं गप्प मी कधी बसले नव्हते.

येताना भासऱ्यांनी पेटी बाळंतिणीच्या पोरासारखी मांडीवर धरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर बसले. मी आणि जाऊबाई आमच्या दाराआड. हातोडीचे हलके ठोके ऐकू आले. मग ठोके थांबले. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. मग खोकला आला, आमच्या दारापर्यंत आला, आणि उंबऱ्यावर घड्याळ ठेवून परत गेला. ते चालू होतं. अंगणातून आवाज आला, "सांग वो तिले, रोज सकाळी चावी देत जाय म्हणा." बकरीने मान हलवली.

आता भासऱ्यांचं दुसऱ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, पण हात त्या घड्याळजींसारखे थरथरायला लागले आहेत. बाजारात ते बसत नाहीत. सेट तसाच आहे. ते उन्हात बसून एकेक पंच पुसतात आणि जागेवर ठेवतात. बकरी मागच्या वर्षी गेली. दुसरी आणायची कोणी गोष्ट काढत नाही. सकाळी त्यांच्या ओसरीवरून खोकला येतो आणि तिथेच थांबतो. मी घड्याळाला चावी देते, कानाशी धरते, आणि ते चालू आहे हे त्यांना कळावं म्हणून दारात येऊन हळूच खोकते. मग त्यांच्या पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज येतो.