भरल्या हातांची तक्रार

आमच्या भागात सासरी छळ होणाऱ्या बायकांसाठी एक समिती आहे, हे मला समितीच्या अध्यक्षीणबाईंच्या सत्काराला बसल्यावर नीट कळलं. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ. संकटात सापडलेल्या एका भगिनीला समितीनं कसा आधार दिला ते बाईंनी सांगितलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या सतरंजीवर होते. मला बोलावलं होतं, नाही असं नाही. नंतर हळदीकुंकू होतं आणि बांगड्या भरायला कुणीतरी लागतंच. तेही डझनामागं भाव पाडून.

ती भगिनी माझ्या ओळखीची. तिला घेऊन मी याच समितीच्या दारात सकाळभर बसले होते. दाराला कुलूप होतं. कुलपाचा सत्कार करायची पद्धत आपल्याकडे अजून आलेली नाही, म्हणून बाईंचा केला असेल.

मी शेतकऱ्याघरची. नवरा गेल्यावर दिरांनी जमीन नीट सांभाळली, म्हणजे मला तिच्याकडे फिरकू दिलं नाही. मग मी बांगड्यांची टोपली घेतली. चांगल्या घरची बाई बाजारात बसते म्हणून भावकीनं नाकं मुरडली. सतरा वर्षांनी माझं घनसावंगीत पक्कं दुकान झालं, तेव्हा तीच भावकी उधारीवर बांगड्या भरून गेली.

या धंद्यात एक गोष्ट फुकट कळते. गिऱ्हाइकाचा हात आपल्या हातात येतो. कातडी, हाड, सूज, सगळं बोटांना समजतं. ती भगिनी म्हणजे जवळच्याच गावची एक पोरगी, सून. नवरा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात कामाला, घरचं शेत, सासूला गावात मान. घरात ना लग्न ना सण, तरी ही दर पंधरवड्याला डझनभर बांगड्या भरायला यायची. सुरुवातीला मी खूश होते, खोटं कशाला बोलू. असं गिऱ्हाईक कुणाला नको असतं?

"आधीच्या कशानं वाढवल्या आता?" मी विचारायची.

"हापशावर, मावशी."

"तुमच्या गावचा हापसा लय मारका दिसून राह्यला."

ती हसायची. मीही हसायची. असं वर्षभर हसलो आम्ही.

मग एका बाजाराच्या दिवशी ती पहिल्याच जीपनं आली. दोन्ही हात पदराखाली. हातात एकही काकण नाही. म्हणाली, "मावशी, आज घरी परत जायचं न्हाई. आईकडं गेल्ते, तिनं दारातूनच परत लावलं. मला कुठं ठेवता येतं का बघा."

मनगटं सुजून काळीनिळी झाली होती. बोटांचे वळ मोजता आले असते. मी म्हटलं, आधी पोलीस ठाणं. आणि निघायच्या आधी माझ्या हातांनी त्यांना येतं ते केलं. सवाष्ण बाई रिकाम्या हातानं सरकारी दारात कशी न्यायची? पहिलं विचारतील, नवरा कधी गेला? तिचं माप सव्वादोन, सुजेमुळं अडीचच्या काढल्या, साबण लावून हळूहळू सरकवल्या. हिरव्यागार, दोन्ही हातांत मिळून दोन डझन. माझं मलाच कौतुक वाटलं. कुठं दुखलं म्हणून तिनं हूं की चूं केलं नाही.

ठाण्यात हवालदारानं तिला खालून वर पाहिलं.

"काय तक्रार है?"

"नवरा मारतो," ती म्हणाली.

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "मावशी, मार खाल्लेली बाई अशी नटून येती का? हात भरलेत, एक बांगडी पिचलेली न्हाई. मी काय लिहू?"

"साहेब, त्या मी आत्ता भरल्या."

"का?"

इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला गप्प केलं नव्हतं. त्या माणसानं एका अक्षरात केलं. ज्या खुणा दाखवायला तिला आणलं होतं त्या मीच, स्वतःच्या मालानं, छान रंगसंगती साधून झाकून ठेवल्या होत्या.

पण गप्प बसून माझं दुकान झालेलं नाही. मी भाव सुरू केला. तो म्हणाला, नवऱ्याला बोलावून समज देतो. मी म्हटलं, तक्रार लिहा. तो म्हणाला, वहीत नुसती नोंद करतो. मी म्हटलं, दवाखान्याची चिठ्ठी द्या. तो म्हणाला, उद्या नवऱ्यासमोर बसवतो, तडजोड करतो आणि त्याच्यासंगं बराबर पाठवून देतो. म्हणजे मी वर चढत होते आणि तो खाली उतरत होता. असा सौदा मी बाजारात कधी पाहिला नाही.

"काढ गं," मी तिला म्हटलं. पण सूज तासाभरात आणखी चढली होती. बांगड्या रुतून बसल्या. साबण दुकानात. एकही निघेना.

"फोडा, मावशी."

"तुझा नवरा जिता है."

"म्हणूनच फोडा."

माझा हात उठला नाही. सवाष्णीची भरली बांगडी मी धंद्यात कधी मुद्दाम फोडली नव्हती. नवी चढवताना सुद्धा जुनी एक हातात ठेवायची, ही आमची रीत. तिनं माझी वाट पाहिली नाही. हवालदाराच्या टेबलाच्या कडेवर उजवं मनगट आपटलं, मग डावं. काच त्याच्या वहीवर उडाली. त्यानं आधी चहाचा कप उचलून घेतला, मग तिच्या हातांकडे पाहिलं. आता झाकायला काही उरलं नव्हतं. दोन ठिकाणी रक्त आलं होतं, ते ताजं. बाकीचं जुनं कोणतं, ते त्यालाही दिसत होतं.

त्यानं तक्रार लिहिली. दवाखान्याची चिठ्ठीही दिली. त्याला वाईट म्हणत नाही, पण बाईला आधी इतकं फुटावं लागतं, तेव्हा सरकारी पेन चालतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळे वळ लिहून घेतले.

"आता हिनं राहायचं कुठं?" मी परत येऊन हवालदाराला विचारलं.

"ते आमच्याकडं न्हाई. जालन्याला समिती है."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे होती. दिवेलागणीच्या आधीच तिचे दोन चुलत सासरे दारात हजर. आमची सून द्या. मी त्यांना काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. ते गेले, पण उद्या दहा जण घेऊन येतो असं सांगून गेले. माझ्याकडे एक खोली आणि एक कडी. तेव्हा सकाळी पहिल्या गाडीनं जालना.

समितीचा बोर्ड मोठा होता, अक्षरं सोनेरी. कुलूप त्याहून मोठं. शिपायानं सांगितलं, बाई कार्यक्रम असला की येतात. कधी असतो? ठरला की. खिडकीतून पाहिलं तर आत शिलाई मशिनींची खोकी छतापर्यंत. छळ झालेल्या बायकांना बसायला जागा नव्हती, पण मशिनींना होती. उन्हं डोक्यावर येईपर्यंत आम्ही तिथं बसलो. शेवटी त्या शिपायालाच दया आली. म्हणाला, एका शाळेच्या मागं एक ताई बसतात, मंगळवार-शुक्रवार, तिकडं जा. बोर्ड न्हाई.

मंगळवारच होता. साधी सुती साडी, टेबलावर जेवणाचा डबा, अशी ती ताई. मी सुरुवातीपासून सगळं सांगायला बसले. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर थांबा. मी त्यांच्याशी बोलते."

मी. बाहेर. ठाण्यात भांडले मी, दवाखाना केला मी, भाडं माझं, आणि बाहेर मी. तो राग माझ्या पोटात आजही आहे, लपवत नाही. बाहेर एक लाकडी बाक होता. मी बसले. थोड्या वेळानं नवरा आणि सासू आली. आम्ही जालन्याला गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. ताईनं दार किलकिलं करून त्यांनाही सांगितलं, बाहेर थांबा. बाक एकच.

सासू म्हणाली, "बांगड्या इकणारीनं बांगड्याच इकाव्या. आमचं घर कशाला फोडलं?"

"तुमच्या घरामुळंच लय इकल्या, आक्का. पंधरवड्याला डझन."

नवरा म्हणाला, "मी काय रोज मारत न्हाई."

"मंग काय, बाजाराचा दिवस धरून का?"

तासाभरानं पोरगी दारात आली. डोळे कोरडे. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही, माझ्याकडे आली. हळूच म्हणाली, "मावशी, औरंगाबादला बायकांचं एक घर है. ताईंनी इचारलं, काय पाहिजे तुला? मी सांगितलं, तिथं जायचं. सही केली. तुम्ही जा आता."

तुला काय पाहिजे. दोन दिवसांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं, मला वाटलं मला माहीतच आहे. आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला "जा" म्हटलं असेल, तर ते मला. सांगण्यासारखं भाषण माझ्या तोंडात तयार होतं, ते तसंच राहिलं.

ती आत गेली. खोलीला मागं दुसरं दार होतं, शाळेच्या अंगणात उघडणारं. ताईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. या दोघांना बाकावरच धरून ठेवायचं, हे मला कळलं. सौद्यात डोळ्यांची भाषा मला येते.

म्हणून मी उठले नाही. सासूकडे वळले आणि भांडण काढलं. लग्नात दिलेली भांडी, आईनं दिलेली साडी, हापसा, शेत, त्यांच्या गावची पाण्याची टाकी, जे सुचेल ते. नवरा उठायला लागला की त्याच्या नोकरीवर यायचं, सासू उठली की तिच्या माहेरावर. दोघंही परत बसायचे, कारण उत्तर दिल्याशिवाय उठणं कुणाला जमतं? शाळेची पोरं गोळा झाली, एक मास्तर समजूत घालून गेले. माझा घसा बसला.

औरंगाबादची एस.टी. सुटायची वेळ उलटून गेली तेव्हा मी वाक्य अर्ध्यात तोडलं, पिशवी उचलली आणि घनसावंगीची जीप धरायला निघाले. सासू मागून म्हणाली, "आता काय झालं बोलायला?"