रंभावैनीचा राखेतला फोटो

मी वाल्मीक शिंपी. चोळी शिवावी तर वाल्मीकनं, असं मी म्हणत नाही, पौडाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या सगळ्या बायका म्हणतात. तर त्या मुंबईच्या मासिकवाल्यावर माझा एवढा राग का, हे सांगायचं म्हणजे आधी रंभावैनीचं सांगायला पाहिजे.

रंभावैनी म्हणजे आमच्या कुशाबाची बायको. भाताची चार खाचरं, एक म्हैस, आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. हसायला लागली की पलीकडच्या बांधावरचा माणूस औत थांबवून विचारायचा, काय झालं म्हणून. रडताना मी तिला एकदाच बघितली, तिची एकुलती एक लेक जया लग्न होऊन लालबागला गेली तेव्हा. जयाच्या सासूची तिथं गिरणीतल्या माणसांसाठी खाणावळ. तीस जणांचं जेवण, तेही दोन्ही वेळा. सून माहेरी गेली तर भाकऱ्या कोण थापणार? त्यामुळं दोन वर्षं झाली तरी पोरीला माहेर नव्हतं. कुशाबा दोनदा तिला आणायला मुराळी होऊन गेला आणि दोन्ही वेळा एकटाच परत आला.

चौसष्ट सालचा वैशाख होता, राब भाजायचे दिवस. आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या अंथरतात आणि पेटवून देतात. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमानं येतं. त्या दिवसांत गावात उजळ तोंडाचं माणूस औषधाला सापडत नाही.

नेमका तेव्हाच जीपमधून एक साहेब उतरला. गळ्यात कॅमेरा. म्हणाला, गुळगुळीत कागदाचं मासिक आहे, मुंबईत घरोघर जातं, त्यात खेड्यातली माणसं दाखवायची आहेत. रंभावैनी राबाच्या कडेला बसून धुरानं भरलेले डोळे पदरानं पुसत होती. साहेबानं न विचारता तिचा एक फोटो काढला.

"लालबागात बी जातं का वो तुमचं पुस्तक?" वैनीनं विचारलं.

"जातं की."

"मग थांबा वाईच," म्हणाली आणि घराकडं पळाली.

अर्ध्या तासानं आली ती तोंड धुऊन, नाकात नथ, हिरवं लुगडं आणि अंगात मी शिवलेली खणाची चोळी. मला हळूच म्हणाली, "भावजी, माजी जया बघंल. आय कशी झ्याक हाय ती दिसंल तिला. दोन वर्सं निस्ते निरोपच चाललेत." तिचा जीव तेवढ्यासाठी नुसता तुटत होता. साहेबानं सहा फोटो काढले. बाहीची शिवण नीट दिसावी म्हणून मी तिला दोनदा वळवून उभी केली. मग साहेब तिच्याच ओट्यावर पिठलं-भाकरी जेवला आणि गेला.

पुढच्या महिन्यात मास्तरांनी पुण्याहून ते मासिक आणलं. पारावर सगळा गाव गोळा झाला. पानभर फोटो, पण नथ नाही, चोळी नाही. काळं तोंड, डोळ्याला पदर, मागं जळकं रान. खाली लिहिलेलं मास्तरांनी वाचून दाखवलं, 'आगीत शेत गेले. राखेपाशी बसलेल्या या माउलीच्या घरी आज चूल पेटणार नाही.'

आता काय बोलावं? अरे, त्याच चुलीवरची भाकरी तू दोनदा मागून घेतलीस की. माझं टाळकंच फिरलं. बाकीचे पोट धरून हसत होते, वैनी मात्र हसली नाही.

"पोरीनं ह्ये बघितलं तर?" ती म्हणाली. "तिला वाटंल, आय उपाशी मरतीया. तितं रडत बसंल, आन हिकडं तर तिला कुणी धाडणार न्हाई."

त्या रात्री ती खरंच जेवली नाही. सगळं बरं आहे असं जयाला कळवायला मी कार्ड लिहून ठेवलं. पण ते पेटीत पडायच्या आधीच, चौथ्या दिवशी दुपारच्या एस.टी.तून जया उतरली. डोक्यावर गाठोडं. मायलेकी रस्त्यातच गळ्यात पडल्या आणि आम्ही उगीच इकडंतिकडं बघत राहिलो.

घरी गाठोडं सोडलं तर आत पाच शेर तांदूळ. रेशनचा.

"सासूबाईंनी दिलाय," जया म्हणाली. "खाणावळीतल्या एकानं ते पुस्तक आणलं हुतं. फोटू बघून लई रडल्या. म्हणल्या, मी माजीच चूल बघत बसले. जा, म्हैनाभर ऱ्हा आयपाशी."

"आगं, पर आग कुटं लागलीया? राब हुता त्यो."

जया पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मला कळंना व्हय, आये? आपल्याच आंब्याखालचा राब. आन तुज्या डोळ्यांत धूर गेलाय, ह्ये बी कळलं. मला तर फोटू बघून हसूच आलं हुतं."

"मग सासूला सांगितलं न्हाईस?"

"त्या सोलापूरकडच्या, जवारीच्या मुलकातल्या. राब म्हंजी काय, त्यांनी इचारलंच न्हाई."

वैनी अशी हसली की म्हैस दावं ताणून उभी राहिली. मलाही इतका आनंद झाला की चोळीचं दुःख घटकाभर विसरलो.

घरात कणगीभर आंबेमोहर होता. कुशाबा म्हणाला, हा खड्यांचा तांदूळ कोंबड्यांना टाकू. वैनीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मुकाट सूप आणून दिलं. लेकीच्या घरचं खाऊ नये म्हणतात, पण तिनं स्वतः खडे निवडले, भात रांधला आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच्या ताटात वाढून घेतला. "ग्वाड हाय," म्हणाली. ग्वाड कसला, दाताखाली खडा आला माझ्या.

हात धुताना मला म्हणाली, "भावजी, त्या सायबाला एक कार्ड टाका."

मी बाह्या सरसावल्या. "चांगल्या शिव्या लिहितो."

"न्हाई. लिवा, पुढल्या वैशाखात बी या म्हनावं. राब त्याच जागी भाजणार हाय."