खालच्या आवाजाच्या अकरा जणी

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या पाळकांपासून शाळेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी मी नांदेडच्या चर्चमध्ये पेटी वाजवते, बाकीचे दिवस शाळेत मुलींना गाणं शिकवते. दोन्हीकडं कोणी सूर सोडला की मला राहवत नाही. म्हणून त्या वर्षी लातूरच्या समूहगीत स्पर्धेतून आलेल्या गुणपत्रिकेवर "निम्म्या मुली बेसूर" असा शेरा वाचला, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या मुली आणि बेसूर?

परीक्षक वयस्कर, शास्त्रीय गाण्यातले जाणते गृहस्थ. त्यांच्या जागी ते बरोबरच होते म्हणा. त्यांच्या गाण्यात एका वेळी सूर एकच. दुसरा ऐकू आला म्हणजे कोणीतरी चुकलं. आणि मी मुलींना दोन आवाजांत गायला शिकवलं होतं, आम्ही चर्चमध्ये गातो तसं. वरचा आवाज चाल म्हणतो. खालचा आवाज तेच शब्द, त्याच तालात, पण त्याच्या खालच्या सुरांनी म्हणत सोबत जातो. ज्याला सवय नाही त्याला वाटतं, अर्धी पोरं भरकटली.

हे मला माझ्या वडिलांनी दिलं. ते मुदखेडला रेल्वेत होते आणि तिथल्या चर्चमध्ये प्रार्थनेला पेटी वाजवायचे. माझा आवाज लहानपणापासून जाडाभरडा. शाळेत बाईंनी सांगितलं, "तू आपली नुसते ओठ हलव." मी रडत घरी आले. वडील म्हणाले, "रडतीस कशाला? तुझा आवाज खराब न्हाई, खालचा हाय. बस इथं." पेटीजवळ बसवून त्यांनी मला खालचे सूर एकेक करून दिले. पुढच्या रविवारी मी ते मंडळीत गायले आणि त्या दिवसापासून ओठ नुसते हलवायचं बंद केलं.

शाळेत गाण्याचा गट काढला तेव्हा खालच्या आवाजासाठी मी अशाच मुली मुद्दाम वेचल्या, ज्यांना दुसऱ्या कोणी गाण्यात घेतलंच नसतं. अशा अकरा निघाल्या. त्यांची म्होरकी नववीतली, विष्णुपुरीहून बसनं येणारी. वर्गात तिला भोंगा म्हणायचे. पहिले काही दिवस तर ती भिंतीकडं तोंड करूनच गायची. पण कान असा पक्का, की शेजारी कोणी काहीही गावो, हिचा सूर तसूभर हलायचा नाही.

शेरा आला त्याच आठवड्यात हेडसरांनी मला बोलावलं. माणूस भला, पण त्यांना शाळेच्या कपाटात स्पर्धेची ढाल पाहिजे होती.

"बाई, चर्चमधलं ते दुहेरी गाणं चर्चमध्येच राहू द्या. एक शेवटची संधी देतो. पुढच्या वर्षी ढाल नाही आली, तर त्या खालच्या अकरा पोरी कमी करायच्या."

"मग मलाच कमी करा ना, सर."

"तुम्हाला कोण कमी करून राहिलंय? पोरींना!"

मुलींना कळू द्यायचं नाही असं ठरलं, पण शाळेत कुठली गोष्ट झाकून राहते? दुसऱ्याच दिवशी ती विष्णुपुरीची दारात उभी. "बाई, आम्हाला काढणार हाय का?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "ढाल नाही आली तर काढतील. म्हणून आता रडायचं नाही, गायचं." वर्षभर त्या गायल्या. कोणाच्या घरी लग्न, कोणाकडं कापसाची वेचणी; पण तालमीला अकराच्या अकरा हजर.

पुढच्या वर्षी लातूरला परत तेच परीक्षक. आमचं गोदावरीवरचं गाणं. शब्द शाळेतल्या मराठीच्या सरांचे, चाल माझी. पोरी गायल्या, लई सुंदर गायल्या. आणि परीक्षकांनी माईक घेऊन विचारलं, "चाल गोड आहे बाई, पण मागची रांग यंदाही खाली घसरली. रियाज कमी पडला का?"

मला एकटीला बोलले असते तर एक वेळ गिळून टाकलं असतं. पण मागच्या रांगेतल्या अकराही माना खाली गेल्या, आणि ते काही मला बघवेना.

पेटीवरनं उठून मी माईक धरला. "माफ करा सर, घसरली नाही. त्या रांगेचं घरच तिथं आहे. ऐकता का?"

"बाई, वेळ संपली!" संयोजक ओरडले. समोरच्या खुर्चीतून हेडसर हातानं खाली बसा, खाली बसा करत होते.

"संपू द्या," मी म्हणाले आणि पेटीवर काळी दोनचा सूर दिला.

आधी मागची रांग एकटी गायली. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत सरळ, स्वच्छ. मग पुढची रांग. मग दोन्ही मिळून.

परीक्षक उठून मंचावर आले. "पुन्हा. वरचं मी म्हणतो." ते मुद्दाम त्या विष्णुपुरीच्या पोरीशेजारी उभे राहिले. पहिली ओळ जमली. दुसऱ्या ओळीला स्वारी गेली की हिच्या सुरात! परत सुरू केलं, परत तेच. तेव्हा ही बया त्यांना म्हणते, "सर, माझ्याकडं ध्यान देऊ नका. तुमचं तुम्ही धरून ठेवा."

सगळं सभागृह हसलं, आणि सगळ्यात जास्त परीक्षक हसले. मग माईकवर म्हणाले, "मी आयुष्यभर गातोय. या पोरीनं मला दोनदा ओढून नेलं. गेल्या वर्षीचा शेरा माझा चुकला." मोठा माणूस! चूक कबूल करायला हिंमत लागते.

पण नियम तो नियम. वेळेपेक्षा जास्त गायलो म्हणून आम्ही स्पर्धेतून बाद. ढाल दुसऱ्याच शाळेला गेली.

आम्ही परतीची बस धरली. हेडसर पुढच्या सीटवर खिडकीकडं तोंड करून बसलेले. चाकूर मागं पडलं तसा माझा धीर सुटला. "सर, ढाल तर गेली, आणि ती माझ्या जिभेनं गेली. आता त्या अकरा जणींना तुम्ही सांगता का मी सांगू?"

हेडसरांनी मागं वळून त्या विष्णुपुरीच्या पोरीला हाक मारली. "म्हण गं ते तुझं खालचं. एकटीच म्हण."

सीटची दांडी धरून ती उभी राहिली आणि चालत्या बसमध्ये तिनं सगळं कडवं म्हटलं. वरच्या आवाजाच्या पोरी माना वळवून ऐकत होत्या. माझ्या डोळ्यांना धार लागली. मला तिचा एवढा अभिमान वाटला, की ढालीचं काय घेऊन बसलात!

कडवं संपलं. हेडसर म्हणाले, "बस खाली. सोमवारी तालमीला या सगळ्या. अकराच्या अकरा."

ती काही खाली बसली नाही.

"सर, दुसरं कडवं राहिलंय," म्हणाली, आणि गायला लागली.