दोन तासांवरची लेक

आमच्या गावच्या निम्म्या बायका इटलीत परकी म्हातारी माणसं सांभाळतात. माझी शेजारीण झाम्फिराही त्यातलीच. बोलोन्यात दुसऱ्यांच्या आयांना भरवता-पुसता पन्नाशीला आली. तिची स्वतःची आई, अग्लाया, इथे एकटी. झाम्फिरा फोनवर हसायची, "अगं आई, बोलोन्या ते आपल्या सुचावाचा विमानतळ, दोन तास! राजधानीतल्या बुखारेस्टवाल्यांपेक्षा मी जवळ आहे तुला."

"हो तर," म्हातारी म्हणायची. "इतकी जवळ, की ईस्टरला एकदा तोंड दिसतं."

जानेवारीत अग्लाया गेली. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी पुरतात, अंधार पडायच्या आत. झाम्फिराला विमान मिळालं ते नेमकं त्या तिसऱ्या दिवशी दुपारचं. भावाला, गव्रिलला, तिने एवढंच सांगितलं, "मी येईपर्यंत पेटीचं झाकण ठोकू नका. तिच्या हाताचा मुका घ्यायचाय मला."

उघडी पेटी घोडागाडीवर ठेवून आम्ही निघालो. धुकं असं, की पुढचा घोडा दिसेना. प्रेतयात्रा प्रत्येक वळणावर थांबते, वाटेवर कापडाची पट्टी अंथरतात, म्हणजे मेलेल्या माणसाला पलीकडे जायला पूल, आणि पाद्रीबाबा प्रार्थना वाचतात. त्या दिवशी वेळ काढायला आम्ही कुंपणाच्या वाकड्या कोपऱ्यालाही वळण ठरवलं.

"पाद्रीबाबा, जरा सावकाश वाचा ना," मी म्हटलं.

"याहून सावकाश वाचलं तर पुढच्या पुलावरून मलाच न्याल, बाई."

तेवढ्यात डोक्यावर विमानाची घरघर आली. गव्रिलने टोपी काढली. "आली! ताई आली!" बायका रडता रडता हसल्या. आवाज फिरून आला, पुन्हा फिरून आला, मग विरला. थोड्या वेळाने गव्रिलच्या फोनवर 'विमान उतरलं' असं दिसलं. कुठे उतरलं, ते बघायचं कुणाला सुचलं नाही. आम्ही गाडी गिरणीकडच्या लांबच्या रस्त्याने वळवली.

दफनभूमीच्या फाटकाशी फोन वाजला.

"गव्रिल, बुखारेस्टला उतरवलंय रे आम्हाला. धुक्यामुळे. वर घिरट्या घातल्या, तेव्हा तुम्ही खालीच होतात?"

"हो गं."

"काचेला कपाळ लावून बसले होते. सगळं पांढरं. थांबाल ना?"

गव्रिलने पाद्रीबाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"ताई… बुखारेस्टहून यायला मध्यरात्र होईल. इथे आत्ताच दिवस मावळतोय."

मग ती म्हणाली, "माझ्या वाटचा मुका तू घे. आणि फोन ठेवू नको."

गव्रिलने फोन माझ्या हातात दिला. वाकला. आधी एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. झाकण बसलं. हातोडा पडत होता तोवर मी फोन पेटीजवळ धरून होते. पलीकडे झाम्फिराच्या मागे कोणी बाई इटालियनमध्ये विचारत होती, सामान कुठे मिळेल.