सुमनमावशीचे दीडशे कागद

फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. लोणखेड्याहून, मावशीच्या शेजारणीचा, लताबाईंचा. "ताई, मावशी उठी नही ऱ्हायन्यात... तुम्ही लगेच या." शहाद्याहून लोणखेडा म्हणजे रिक्षाने दहा मिनिटं. एवढ्या जवळ राहून तीन वर्षांत मला तिची माफी मागता आली नाही.

सुमनमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. मूलबाळ नाही, काका गेल्यावर घरात एकटीच. हात रिकामे ठेववेनात म्हणून कुठल्याशा शिबिरात शिकून आली आणि मोरीत कागद करायला लागली. आमच्याकडे गणपती छापलेली लग्नपत्रिका कचऱ्यात टाकत नाहीत, साठवून तापीत सोडतात. मावशीने गल्लीला सांगून ठेवलं, नदीत कशाला, मला द्या. गणपती कात्रीने कापून ती देव्हाऱ्याखाली ठेवायची, बाकीचे तुकडे गादीतल्या जुन्या रुईबरोबर भिजत घालायची. मग चटणीच्या मिक्सरमधून लगदा काढायचा, टबातल्या पाण्यात ढवळायचा, जाळीच्या चौकटीवर अलगद उचलायचा आणि ओला कागद भिंतीवर चिकटवायचा. "तुझ्या घरी पाहुण्याने टेकायचं कुठे गं?" असं मी चिडवायचे. दोन मिक्सर जळाले, तरी बाई हटली नाही.

माझ्या मेघनाचं लग्न ठरलं तेव्हा तिने हट्टच धरला, "पत्रिका मन्हाच कागदवर." अख्खा हिवाळा गार पाण्यात हात घालून तिने दीडशे कागद केले. बोटांना भेगा पडल्या. मी मोठ्या तोऱ्यात एक कागद नंदुरबारला होणाऱ्या विहीणबाईंना दाखवायला नेला. त्यांनी तो खिडकीपाशी धरला, बोट फिरवलं. "हाई काय लिखेल शे हो?" लगद्यात न विरघळलेला नखाएवढा तुकडा होता. त्यावर स्वच्छ छापलेलं... शोकाकुल.

मयताच्या दिवसांचं पत्र, ज्याला आम्ही गंधमुक्तीचं पत्र म्हणतो, ते वाचलं की लगेच फाडून बाहेर टाकायचं, घरात ठेवायचं नाही, ही आमची रीत. मावशीने मात्र काकांची उरलेली पत्रं कपाटात जपली होती. लोणखेड्याला येऊन विचारलं तर लपवलंही नाही तिने. "तुन्हा काकान्या दोन पत्रिका टाकी दिन्ह्यात मी. पोरगीना लगीनमा काका बी ऱ्हातीन, आसं वाटनं माले."

माझं डोकं फिरलं. "पोरगीना लगीनमा मयतनं पत्र टाकस तू? तुले काही समजस का नही?" लताबाईंच्या ओट्यापर्यंत ऐकू गेलं असेल. आणि रागाच्या भरात पुढचंही बोलून गेले, की तुला पोर असतं तर कळलं असतं.

तिने कागद गोळा करून एका जुन्या लुगड्यात बांधले. पत्रिका आम्ही प्रेसमध्ये छापल्या, चकचकीत. लग्नात मावशी मागच्या रांगेत बसली, जेवली आणि लवकर निघाली. गल्लीत बातमी पसरली होतीच. तिच्याकडे पत्रिका देणं लोकांनी बंद केलं. तिनेही पुन्हा चौकट हातात घेतली नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी जायचे, तिच्या हातच्या सांजोऱ्या खायचे, माफीचे शब्द ओठांवर यायचे आणि मी पाऊसपाण्याचं बोलायचे. पुढच्या आखाजीला बोलू, पुढच्या आखाजीला... असं करता करता ती गेली.

दुसऱ्या दिवशी तिचं कपाट उघडलं तर लुगड्यातलं ते गाठोडं तसंच होतं. लोकांना कळवायचं होतं. फोनवर कळवून टाक, असं सगळे म्हणाले. मी ऐकलं नाही. मोरीशेजारी बसून त्या कागदांवर एकेक गंधमुक्तीचं पत्र हाताने लिहिलं, खाली 'शोकाकुल' म्हणून माझं नाव. वाटलं, निदान तिचा कागद लोकांच्या हातात तरी जाईल.

गेला. म्हसावदपासून सारंगखेड्यापर्यंत घरोघरी गेला आणि सगळ्यांनी रीतीप्रमाणे वाचल्याबरोबर फाडला. एक पत्र मी स्वतःसाठी ठेवलं होतं. लताबाई दारातून म्हणाल्या, "ताई, घरमा नका ठेवा." मग मीही ओट्यावर जाऊन ते फाडलं. रुईचा कागद, चटकन फाटेना. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.