नवं उगवेपर्यंत

चंद्रपूरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारी चिमूरकडची एक बाई स्टुलावर ठाण मांडून बसली होती. तिनं गावोगावच्या बायांकडून जमवलेली धान रोवणीची गाणी दुकानदारानं नव्या मशीनवर टाकली होती. जुन्या मशीनमधलं सगळं आता तो पुसायला घेत होता.

"थांब भाऊ. मले सगळी आयकू दे."

"झाली ना कॉपी, बाई. दिसून नाई राह्यली का?"

"दिसते. पण नवं बियाणं उगवल्याबिगर जुनं धान कांडून खाते का कोणी?"

गाण्यागणिक तिची बोटं मांडीवर ठेका धरत. एका गाण्याला ती थांबली. आवाजच नव्हता.

ती चिडली नाही. जुन्या मशीनवर हात ठेवून म्हणाली, "हे गाणं माह्या मायचं होय. पुन्हा टाक."

पुसायला दिलेली माझीही जुनी मशीन मी काउंटरवरून उचलून मांडीवर घेतली.