थापी थांबवायची नाही

दुर्ग स्टेशनात उतरलो तेव्हा माझ्या खांद्यावर टेपरेकॉर्डर होता आणि मागे नलिनी. रेडिओत ती नवी, तिला शिकवायला मी. माझ्या शौर्याच्या गोष्टींनी नागपूरपासून तिचे कान किटले होते. भिलाईची उकरलेली जमीन, उंच धुराडी आणि तांबूस आभाळ दिसले, तशा माझ्या गोष्टी आपोआप संपल्या.

"पोलादाच्या कारखान्याचं सगळेच सांगतात," मी तरी ऐटीत म्हणालो, "आपण बांधणाऱ्या बायकांचं ऐकू."

खुर्सीपारजवळ दुमजली क्वार्टरं उभी राहत होती. गच्चीवर भंडाऱ्याकडच्या रेजा (बांधकामावरच्या मजूर बाया) ओला चुना थापीने बडवत गात होत्या. जिना झालाच नव्हता. बांबूच्या परांचीवरून मी डोळे मिटून चढलो. खालून मुकादम गरजला, "थापी रुकी तो छत चुएगी!"

बाया पाळीपाळीने जेवत होत्या. त्यांनी आम्हालाही बासी (रात्रभर पाण्यात ठेवलेला भात) आणि कांदा दिला. नलिनीने रेकॉर्डर सुरू केला आणि माझा नियम पाळला: आधी नाव-गाव, मग गोष्ट.

"मी जैतुरा, तुमसरकडली. ह्या परांचीचे दोर कुजले. माही भासी, बहिनीची पोरगी, पडली, कंबर मोडली. मुकादम म्हणते, भेव वाटते तं घरी बस. घरी बसून का खाऊ?"

"नाव कावून सांगतलं वो?" शेजारची कुजबुजली. "त्यानं आयकलं तं उद्या तुले काढलच."

जैतुराचा घास हातातच राहिला. तेवढ्यात परांचीवरून मुकादमाचे डोके वर आले.

"डिब्बे में क्या भरा? सुनाओ."

"गाणी हो, नुसती गाणी!" माझा आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता.

"तो गाना सुनाओ."

नलिनीने रीळ मागे फिरवले. आता 'मी जैतुरा' ऐकू येणार होते. रीळ फिरू लागले आणि जेवणाऱ्यांतल्या एका म्हातारीने थापी उचलली. धप्! मग सगळ्यांच्या थाप्या, सगळ्यांचे गळे. रेकॉर्डरमधले अक्षर कळेना.

"बंद करो!"

"कसं बंद करू, मुकादम?" म्हातारी म्हणाली. "थांबलो तं छत गळते म्हने. मंग सायबाले तूच सांगजो!"

त्याने रेकॉर्डरला कान लावला, बदलून दुसराही लावला. शेवटी मशीनच्या आईबापांचा उद्धार करत उतरला. बाया खदखदून हसल्या. जैतुरा हसली नाही. ती परांचीच्या दोराकडे पाहत होती.

परतीच्या गाडीत, सगळी बाके सोडून, मी दाराशी भिंतीला टेकून बसलो. परांचीवरून उतरल्यापासून खाली जमीन लागल्याशिवाय मला बरे वाटत नव्हते. नलिनीने ब्लेड काढले.

"नाव कापू?"

"काप. दोराचं ठेव."

टीचभर फीत तिच्या हातात आली. आम्हाला निघून यायला गाडी होती. जैतुरा उद्या सकाळी त्याच दोराला धरून वर चढणार होती. नागपूर येईपर्यंत नलिनीने मूठ उघडली नाही.